पुणे चौतीस, उटनूर सतरा

या ब्लॉगवर लोक धबधब्यांचे फोटो बघायला येतात आणि खाली प्रश्न भलताच विचारतात. "दादा, तुमच्या लाइनमध्ये कुठं किती मिळतात?" माझी लाइन म्हणजे इमारतींमध्ये आगीचे अलार्म आणि चोरावर नजर ठेवणारे कॅमेरे बसवायची. बारा वर्षं तेच करतोय. या कामानं मला पणजीपासून नागपूरपर्यंत फिरवलं आणि जिथं गेलो तिथलं मी इथं लिहीत आलो, पण पगाराच्या प्रश्नाला मात्र गुळमुळीत उत्तर देऊन सुटलो. बाईला वय आणि बाप्याला पगार विचारू नये म्हणतात, त्यामागं लपलो झालं.

यावेळी मी स्वतःच पगार विचारायला निघालो. सुट्टी सहा दिवसांची, जिल्हा आदिलाबाद, म्हणजे माझाच.

आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझी बायको सुजाता उटनूरजवळच्या एका निवासी शाळेत शिकवते. नोकरी तेलंगण सरकारची, ती उचलून पुण्याला आणता येत नाही. मुलगी मैत्री, सात वर्षांची, आईजवळ. मी चार वर्षांपासून पुण्यात, वारज्याला दहा बाय बाराच्या खोलीत. वर्षातून तीनदा घरी जातो, त्यातही एकदा साइटवरून फोन येतो आणि लवकर परतावं लागतं. दिवाळी झाल्यावर एकदा सुजाताला फोनवर म्हणालो, "कायमचं तिकडंच यावं म्हणतो."

"मंग या की," ती म्हणाली. "इचारून कोनाले राह्यले?"

पण मी असा हुरळून जाणारा माणूस नाही. पुण्यात मला ओव्हरटाइम धरून चौतीस हजार पडतात. तिकडं निदान वीस मिळाले तर जायचं, वीसच्या खाली नाही, असं मनाशी पक्कं केलं आणि नोव्हेंबरात तिकीट काढलं.

पुण्याहून नांदेडला रात्रीची गाडी बरी. स्लीपरचे साडेतीनशेच्या आसपास लागतात, सकाळी माणूस नांदेडात उतरतो, स्टेशनबाहेर पोहे-चहा होतो आणि आदिलाबादकडं जाणारी गाडी मिळते. ती भोकर, हिमायतनगर, किनवट करत रमत-गमत जाते. घाई असलेल्यानं तिच्यात बसू नये. मला घाई होती, तरी बसलो, कारण किनवटच्या पुढं दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल सुरू होतं आणि तिथं माझा जीव शांत होतो. नोव्हेंबरात कापूस फुटलेला असतो, रानं पांढरी असतात. डब्यात मराठी, तेलुगू आणि हिंदी एकाच वाक्यात ऐकू यायला लागली की समजायचं, आपण पोचलो.

समोर एक पोरगेला माणूस बसला होता, मांडीवर ड्रिलची पेटी. आमच्या लाइनीतला माणूस आम्ही पेटीवरून आणि नखांतल्या चुन्यावरून ओळखतो. तोही माझ्या हातांकडं बघत होता. नांदेडात कॅमेरे बसवतो म्हणाला, पंधरा हजार, वर रोजचा चहा मालकाचा. मी माझा आकडा सांगितला तेव्हा त्यानं पेटी मांडीवरून खाली ठेवली.

"मुंबईत किती असतील हो?" त्यानं विचारलं.

मुंबईतला माझा दोस्त अडतीस घेतो आणि त्यातले बारा खोलीला देतो. नागपुरातला बावीसवर आहे आणि आईच्या हातचं खातो. हैदराबादेत तीस मिळतात, पण तिथं उंच इमारतींच्या शाफ्टमध्ये, म्हणजे वायरी नेणाऱ्या उभ्या बोगद्यात, लोंबकळावं लागतं. एक जण कतारला गेलाय, रुपयांत हिशेब केला तर पगार पंचावन्नाच्या घरात जातो, आणि त्यानं स्वतःच्या पोराला अजून उचलून घेतलेलं नाही. पोरगं दीड वर्षांचं आहे. हे सगळं समोरच्याला सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की प्रत्येक आकड्यानंतर मी एक "पण" लावतोय. वाचकहो, आमच्या लाइनीतला पगार त्या "पण"सकट विचारायचा असतो, एवढं लक्षात ठेवा.

आदिलाबादला उतरल्यावर सरळ घरी जायचं सोडून मी राजन्नाच्या दुकानात गेलो. राजन्ना हा इथला ठेकेदार. कॅमेरे, इन्व्हर्टर, डिश, लग्नाचं लायटिंग, जे वायरीवर चालतं ते सगळं त्याच्याकडं. माणूस तेलुगू, पण मराठी आमच्यासारखीच बोलतो. शेजारच्या टिफिन सेंटरमधून त्यानं दोन प्लेट वडे मागवले. चटणी इतकी जहाल की पुण्यातल्या चार वर्षांनी मी किती मवाळ झालोय ते डोळ्यांतून बाहेर आलं.

"मिलिंदभाऊ, इथं महिन्याचा पगार नसते," तो म्हणाला. "पॉइंटचा रेट हाय. कॅमेऱ्याचे तीनशे. दिवसाले चार झाले तं झाले, नाई तं बसा."

"अन् आगीच्या अलार्मचं?"

"त्याले कोन इचारते? आग लागली तं लोकं सोताच ओरडतेत ना."

मी हसलो खरा. बारा वर्षांची विद्या त्यानं वड्याच्या एका घासात गिळून टाकली होती. शेवटी म्हणाला, तुम्हीच म्हणून महिन्याचे बारा देईन. बारा ऐकून मी वडा तसाच ठेवला.

आदिलाबाद ते उटनूर बसनं पावणेदोन तास, गुडीहत्नूर आणि इंद्रवेल्लीवरून. तेलंगणच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळं बस गच्च भरलेली आणि पैसे देणारे आम्ही सात-आठ बाप्ये कोपऱ्यात चोरासारखे उभे. शेजारच्या आजींनी मला विचारलं, कुठं जातो, काय करतो. सांगितलं तर म्हणाल्या, "बायको टीचरम्मा हाय नं उटनूरले? मंग तू काऊन पुन्याले?" बाहेर रस्ता जंगलातून वळणं घेत होता आणि मी बाहेर बघतोय असं दाखवत होतो.

घरी पोचलो तेव्हा मैत्री दारातच होती. धावत आली, कमरेला बिलगली, मग लगेच लाजून आत पळाली. दोन खोल्या आणि पुढं छोटी वसरी, असं आमचं भाड्याचं घर. सुजातानं ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी केली होती, वर लसणाचा ठेचा. मी राजन्नाचे बारा सांगितले. तिनं आणखी एक भाकरी वाढली.

आता दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगतो. हे मला लिहायला जड जातंय, पण ते सोडलं तर या प्रवासात सांगण्यासारखं काही उरत नाही.

आमच्या वसरीत, दाराच्या वर, एक कॅमेरा आहे. चार वर्षांपूर्वी पुण्याला जाताना मीच बसवला. कुणी वसरीत हललं की पुण्यात माझा फोन थरथरतो आणि मला घर दिसतं, आवाजही येतो. मी बोललो तर त्यातून माझा आवाज तिकडं जातो. लोकांच्या बंगल्यांवर मी असे शेकडो बसवले, मग स्वतःच्या घरावर काऊन नको? मैत्री शाळेत निघताना त्या कॅमेऱ्याखाली उभी राहून मला सगळं सांगते आणि मी शिडीवर असलो तरी एका हातानं फोन धरून ते ऐकतो. दिवसातली माझी तीच दोन मिनिटं. साइटवरचे लोक हसतात, हसोत बापडे.

तर त्या सकाळी मी वसरीतच खाटेवर बसून चहा पीत होतो. मैत्री दप्तर घेऊन आली. माझ्या समोरून गेली, कॅमेऱ्याखाली उभी राहिली, मान वर केली आणि म्हणाली, "पप्पा, मी चाल्ली. डब्यात उपमा हाय. आज आमची तेलुगूची परीक्षा हाय. तुमी जेवून घ्या." मग हात हलवला आणि गेली.

खिशात माझा फोन थरथरला. सवयीनं काढून पाहिला. स्क्रीनवर लेक हात हलवत होती आणि तिच्या मागं खाटेवर कोणीतरी माणूस कप धरून बसला होता. तो मी होतो. मी फोन उलटा ठेवला आणि रडलो. सुजाता दारात उभी राहून पाहत होती. ती जवळ आली नाही आणि आत पण गेली नाही.

शनिवारी मैत्रीची शाळा अर्धा दिवस होती आणि सुजातानं सुट्टी टाकली होती, म्हणून दुपारी कुंटालाचा धबधबा बघायला निघालो. मित्राची मोटारसायकल घेतली, इच्चोड्यावरून हायवेला लागलो आणि नेरडीगोंड्याला वळलो. ज्यांना जायचंय त्यांनी नोव्हेंबर धरावा. पाणी भरपूर असतं पण अंगावर येत नाही, वाट कोरडी असते. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, येताना दम लागतो, माकडांपासून खाऊ सांभाळावा. पाण्यात उतरू नये, तिथले लोक ओरडून सांगतात ते उगीच नाही. एवढी माहिती पुरे, कारण आम्ही खाली जेमतेम अर्धा तास होतो. नेरडीगोंड्याला आधीच उशीर झाला होता आणि त्याला कारण राजन्ना.

त्याचा फोन आला होता. हायवेलगत एक जिनिंग मिल आहे, तिथला आगीचा अलार्म दिवसातून चार-चारदा वाजतो, मालक वैतागलाय, जरा बघून जाल का. सुजाता म्हणाली, "जाऊन या. आमी इथं टिफिन सेंटरात बसतो." मैत्रीनं इडली मागवली सुद्धा.

मिलमध्ये सरकी निघत होती आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. मी वर पाहिलं. कुठंही गेलो की मी आधी छत पाहतो, देवळात सुद्धा. छताला धूर ओळखणारे डिटेक्टर होते आणि प्रत्येकाला दुधाची रिकामी पिशवी रबरानं बांधलेली.

"थे ओरडते म्हणून बांधलं," तिथला फिटर म्हणाला. "सीजन संपला की सोडतो."

म्हणजे वर्षभरात ज्या चार महिन्यांत आग लागू शकते तेव्हा डोळे बांधलेले, आणि मिल बंद पडली की उघडे. पण त्या माणसांना काय बोलणार. शहरातून कुणी माझ्यासारखाच आला असणार, ऑफिसात लावतात तेच इथं ठोकून गेला असणार. तंतू आत शिरतात, यंत्राला तो धूर वाटतो. मीही नवीन असताना नागपूरजवळ एका गिरणीत हीच चूक केली होती आणि पिठानं तीन दिवस सगळ्या गावाला पळवलं होतं. मालकाला सांगितलं, इथं धुराचे नकोत, उष्णता ओळखणारे लावा. वजनकाट्याच्या पावतीमागं नकाशा काढून दिला, कुठं किती, किती अंतरावर. ते काढताना इतकं बरं वाटत होतं की वेळ कसा गेला कळलं नाही. परत आलो तर मायलेकी तिसरा चहा घेत बसलेल्या.

संध्याकाळी उटनूरला पोचतो न पोचतो तोच राजन्नाचा फोन आला. "भाऊ, इथं अशा बाकी मिली पन हायेत. तुमाले सतरा देतो. पेट्रोल माझं."

सतरा. माझ्या वीसला तीन कमी. मी म्हणालो, कळवतो.

रविवारी उटनूरच्या बाजारात फिरलो, मोहाचे लाडू घेतले, मुधोळच्या सासऱ्यांसाठी तेच लाडू वेगळे बांधून ठेवले. सासरे अजून लोकांना सांगतात की जावई पुण्यात "छतावर असतात". दुपारी सुजाता वसरीत आंबाडी निवडत बसली आणि मी बॅग भरत होतो. तिनं मान वर न करता विचारलं, "चौतीसातले घरी किती येतेत?"

"चौदा."

"अन् सतरातले किती येतीन?"

मी बॅगची चेन लावत बसलो. "सतरा," म्हणालो.

"मंग?"

"मंग काय. तुझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पन नाईत ते. लोकं म्हंतीन, बायकोच्या जिवावर बसून राह्यला."

"लोकं आता काय म्हणून राह्यले ते तुमच्या कॅमेऱ्यात येत नाई," ती म्हणाली. "थो काढून घेऊन जा."

मला वाटलं चेष्टा करतेय. म्हणालो, "काऊन? चोरी-बिरी झाली तं?"

"इथं चोराले न्याले काय हाय?" आता तिनं भाजी बाजूला ठेवली. "मिलिंद, थो कॅमेरा नसता तं तुमी दोन साल पयलेच आले असते. सकाळी पोरगी पाह्यली की तुमचा दिवस निघून जाते. माझा नाई निघत. पोरगी भिंतीशी बोलते अन् बाप मागं बसला असते."

ती मला नावानं फार क्वचित हाक मारते. बारा वर्षं मी लोकांना सांगत आलो की कॅमेरा लावा, निश्चिंत राहा. मी स्वतः किती निश्चिंत झालो होतो ते मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तिचा रागही आला, खोटं कशाला बोलू, कारण ती खरं बोलत होती.

शिडी शेजाऱ्यांची आणली. चार स्क्रू, एक वायर, पाच मिनिटांचं काम. भिंतीत स्क्रूच्या गिट्ट्यांची चार भोकं राहिली, ती मी पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. मैत्री खाली उभी राहून बघत होती. "आता मी कोनाले सांगू?" तिनं विचारलं. मी म्हणालो, फोनवर मला सांग. ती म्हणाली, "फोनवर तुमी हो-हो म्हंता."

परतीचा प्रवास त्याच वाटेनं, खर्च तेवढाच, एकूण सहा दिवसांत लाडू धरून चार हजारांच्या आत. पुण्यात सोमवारी उशिरा पोचलो आणि मंगळवारी सकाळी कामावर. बाणेरला एका नव्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर शिडी लावली. आठ वाजून वीस मिनिटांनी, मैत्रीच्या शाळेत निघायच्या वेळी, हात आपोआप खिशात गेला. फोन काही थरथरला नव्हता. अ‍ॅप उघडलं तर काळा चौकोन, कॅमेरा जोडलेला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ती दोन मिनिटं गेल्यावर माझ्या दिवसात काय उरतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सिमेंट, वायर आणि मेसचा डबा उरतो. वीस हजारांची माझी ती पक्की रेघ कुणी आखली, कशासाठी आखली, ते मला आठवेना. त्या तीन हजारांनी मी काय घेणार होतो? घराची इतकी ओढ मला चार वर्षांत लागली नव्हती, कारण रोज सकाळी मी तिच्यावर थोडं पाणी मारत होतो.

शुक्रवारी सुजाताचा फोन आला. आवाज खुशीत होता. मैत्रीचा पुढचा दात पडला म्हणे, शाळेत, तिळाची चिक्की खाताना. पोरगी मागून ओरडत होती की तिला आता शीळ वाजवता येते. मला ती वाजवून दाखवत होती, पण फोनवर नुसती हवा ऐकू येत होती.

"फोटो पाठव," मी म्हणालो.

"नाई पाठवत," सुजाता म्हणाली. "येऊन पाहा."

शनिवारी सकाळी साइटवर जाण्याआधी ऑफिसात गेलो आणि नोटीस दिली. मॅनेजरनी विचारलं, तिकडं किती देतात. मी सतरा सांगितलं. ते म्हणाले, "अरे, निम्मं नुकसान आहे." मी म्हणालो, आहे. मग राजन्नाला फोन केला. तो म्हणाला, "या, पन एकदा आले की मंग पुन्याचं नाव नाई काढायचं."

तर ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी, पुणे चौतीस, मुंबई अडतीस, नांदेड पंधरा, उटनूर सतरा. नोटीस तीस दिवसांची आहे. खोलीखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आलोय. दुधाचा दात पडला की नवा नीट दिसायला बहुतेक महिनाभर तरी लागतो म्हणाल्या, कधी दोन महिनेही लागतात. म्हणजे ती फट बुजायच्या आत पोचतो मी.